रक्त बांधावर, चौकशी आपल्या दारात
(धडगाव येथील बैठकीतील भाषण)



मागच्या खेपेला बैठक संपल्यावर इथल्याच एका पाड्यावर मुक्काम केला होता. ज्वारी दुधात होती. रात्री दोनच्या सुमाराला कुत्र्यांचा गलका उठला. बाहेर येऊन बघतो तर उतारावर पाच-सहा बॅटऱ्या, सात-आठ कुत्री आणि जाळी घेतलेली माणसं. घरधनी म्हणाला, "भाऊ, झोपा तुम्ही. डुक्कर काढायला आलेत, आपलंच काम करतात." सकाळी शेतात गेलो. डुकराने मोडली त्याच्या दुप्पट ज्वारी माणसांनी आणि कुत्र्यांनी तुडवलेली. बांधावर रक्त. डुक्कर मेलं की पळालं, कोणाला ठाऊक नाही. दोन दिवसांनी चौकशी आली, ती त्या घरधन्याकडे. शिकारी केव्हाच मोटारसायकलींवर बसून निघून गेले होते. रक्त मात्र त्याच्या बांधावर होतं.

म्हणून आज भावाबद्दल आणि कर्जाबद्दल बोलत नाही, या कुत्र्यांबद्दल बोलतो.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्यापैकी बहुतेकांना एवढाच माहीत आहे, की जनावर मारलं तर गुन्हा. तसं नाही. त्या कायद्यात शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. विष घालणं, फासे लावणं, जाळ्यात धरणं, हाकारा घालणं, आमिष मांडणं आणि कुत्री मागे सोडून जनावर पळवणं, हे सगळं शिकार. यातला नुसता प्रयत्नसुद्धा शिकार. ससा निसटला म्हणून गुन्हा निसटत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतलं जनावर असेल तर कैद 3 वर्षांच्या खाली नाहीच. तेव्हा रात्री येणाऱ्या टोळीला जो जागा दाखवतो, जो दोर धरतो, त्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

आता त्याच कायद्यातली गंमत ऐका. कलम 39 म्हणतं, शिकार झालेलं वन्य जनावर ही सरकारची मालमत्ता. म्हणजे डुक्कर तुमच्या ज्वारीत उभं आहे, कणसं मोडतं आहे, तोवर त्याला धनी नाही. मेलं की लगेच सरकारची मालमत्ता! सरकारचा बैल आपल्या कापसात शिरला असता तर 1871 च्या कायद्याने आपण त्याला कोंडवाड्यात घातला असता. रानडुकराला कोंडवाडा नाही. (आणि त्या कायद्यातल्या जनावरांच्या यादीत कुत्रा नाही, हेही सांगून ठेवतो.)

जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीला जोडलेला आहे. लहान शेतकऱ्यांची मिळून एक संस्था असते. ती शिकारीचा हक्क खंडाने देते आणि रानडुकराने केलेली पिकाची नुकसानी बहुतेक वेळा त्या खंडकऱ्याच्या अंगावर पडते. शिकार ज्याची, नुकसानीही त्याचीच. इंग्लंडात 2004 च्या कायद्याने कुत्र्यांनी शिकार करायला बंदी घातली. तरीही ससे पळवणाऱ्या टोळ्या शेतातून गाड्या घालत राहिल्या. शेतकऱ्यांनी आरडाओरड केली, तेव्हा 2022 मध्ये वेगळा कायदा झाला. कुत्री घेऊन सशामागे जायच्या इराद्याने दुसऱ्याच्या जमिनीत शिरलं, तर तेवढाच गुन्हा पुरतो. ससा सापडायची गरज नाही.

आपल्याकडे काय आहे? जुन्या दंडविधानातलं 447 कलम आता भारतीय न्याय संहितेत 329 झालं, 1 जुलै 2024 पासून. गुन्हा करायच्या इराद्याने दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरणं म्हणजे फौजदारी अतिक्रमण. 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड. यातला शब्द नीट ऐका, ताबा. मालकी नव्हे. इथे किती जणांचा सातबारा आहे आणि किती जणांचा वनहक्काचा पट्टा, ते मला माहीत आहे. पट्टेवाल्याचाही ताबा ताबाच असतो, त्यानेही तक्रार द्यावी. टोळीला "या" म्हणून बोलावलंत तर मात्र ते अतिक्रमण राहत नाही, आणि चौकशीत तुमचं नाव पहिलं येतं.

एका म्हाताऱ्या बाबांनी मघाशी विचारलं, "शिकार तर आमच्या वाडवडिलांची, ती कशी गुन्हा?" प्रश्न खोटा नाही. 1825 मध्ये आउट्रम साहेब खानदेशात भिल्लांची पलटण उभारायला आला. तो भिल्लांना बरोबर घेऊन वाघ मारायचा आणि त्यातून त्यांचा विश्वास मिळवायचा. साहेबाची शिकार ती मर्दुमकी, तुमची शिकार ती चोरी, हे पुढे जंगलाचे नियम आले तेव्हापासून सुरू झालं. 2006 च्या वनहक्क कायद्याने पूर्वापारचे पुष्कळ हक्क परत दिले, पण शिकारीचा हक्क नाव घेऊन वगळला. मला विचाराल तर वाडवडिलांची शिकार आणि रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्या मटणाच्या धंद्याची शिकार यांची गल्लत करू नये. धंदेवाल्यांसाठी आपल्या पोरांनी तुरुंगात जायचं कारण नाही.

मग डुकराचं काय? शेतकी कॉलेजात मला खोडकिडीवर बोलायला शिकवलं, डुकरावर कोणी शिकवलं नाही. पण एवढं कळतं, की दाणा दुधात आल्यापासून कापणीपर्यंत माळ्यावरची जागल घरातल्या बाईने नाही तर पोराने करायची आणि सकाळी पुन्हा निंदायला जायचं, ही मजुरी कोणाच्याच हिशेबात धरलेली नाही. कायद्यात वाट आहे. कलम 11 प्रमाणे दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर उभ्या पिकाला धोका झालं, तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. तोंडी परवानगी ही परवानगी नव्हे. परवानगी मिळाली तरी कागदात लिहिलंय तेवढंच करायचं. आणि कुंपणाच्या तारेत खांबावरची वीज कोणी सोडू नका. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचं पोर यातला फरक कळत नाही.

नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत पोचला पाहिजे. बाजाराच्या दिवशी बघू म्हटलंत की मुदत गेली. पंचनामा होईपर्यंत मोडलेली ताटं उपटू नका, गुरांना घालू नका. अर्जाचा नमुना आणि टोळीविरुद्धच्या तक्रारीचा नमुना, दोन्ही दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज शेजारच्याने भरून द्यावा. सातबाऱ्याचा गट नंबर किंवा पट्ट्याचा नंबर टाका. दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.