मित्राचे युद्ध आणि आपले उत्तर



माझा व्यवसाय वैद्यकाचा. परराष्ट्रधोरणावर बोलण्याचा याला काय अधिकार, असे कोणी विचारील. परंतु येथे बसलेल्या कित्येक घरांतील मुलांना अठरा वर्षे पूर्ण होताच राष्ट्रीय सेवेचा गणवेश चढवावा लागतो. ज्या देशाच्या सैन्यात आपली मुले उभी राहतात, त्या देशाला बलाढ्य मित्राने युद्धात साथ मागितली तर तो काय उत्तर देतो, हा आईबापांचाही विषय आहे.

मित्र हवेतच. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या कारणांत परराष्ट्रधोरण हे एक होते. वार्षिक ३५० कोटींच्या महसुलातील सुमारे १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, कारण आपल्याला मित्रच उरलेला नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. मित्र नसण्याची किंमत त्यांनी आकड्यांत मांडली. मित्र असण्याचीही किंमत असते.

ऑक्टोबर १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर सैन्य उतरविले. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निषेधाचा ठराव आला व १०८ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. त्या १०८ मतांत सिंगापूरचे मत होते. बलवानाने लहान बेटात घुसणे एकदा क्षम्य ठरले, तर दुसऱ्या लहान बेटाने कोणाकडे दाद मागावी? पुढे २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाचा धिक्कार करताना परराष्ट्रमंत्री विवियन बालकृष्णन यांनी संसदेत या मताचा दाखला दिला. आणि मैत्री तुटली का? १९९० साली याच दोन देशांत अमेरिकी विमाने व जहाजे यांना येथील तळ वापरू देण्याचा करार झाला.

२००३ साली इराकच्या वेळी उत्तर निराळे होते. सिंगापूरने अमेरिकेची बाजू घेतली. लढाऊ पलटण मात्र धाडली नाही. पुनर्बांधणीसाठी नौदलाची जहाजे आणि वाहतुकीची व इंधन भरणारी विमाने गेली. २००८ पर्यंत सुमारे एक हजार सैनिक या कामी जाऊन आले. युद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच ६ मे २००३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. सुरक्षा परिषदेत अमेरिकेला साथ न देणाऱ्या चिलीचा तसाच करार महिनाभर मागे राहिला. ज्या विनाशक अस्त्रांसाठी हे युद्ध झाले ती सापडली नाहीत. निदान चुकीचे आणि शस्त्रक्रिया मात्र पार पडलेली, असा हा प्रकार. मला १९८३ चे उत्तर अधिक मोलाचे वाटते.

आपल्या मायदेशाचे त्या वर्षीचे वर्तनही पाहण्यासारखे आहे. एप्रिलमध्ये लोकसभेने युद्धाविरुद्ध ठराव केला. अध्यक्षस्थानी मनोहर जोशी होते. खल झाला तो एका शब्दावर. हिंदी मसुद्यात ‘निंदा’ आले. इंग्रजीत त्याहून सौम्य, खेदाकडे झुकणारे क्रियापद. आम्हा मराठी माणसांना निंदा म्हटली की पाठीमागची कुजबूज आठवते. मोर्चात आपण निषेध करतो! पण मुत्सद्देगिरी अशीच चालते. घरच्यांना कठोर आणि पाहुण्याला मऊ वाटेल, असा शब्द शोधावा लागतो.

खरी कसोटी पुढेच होती. अमेरिकेला भारताची सुमारे १७ हजारांची एक डिव्हिजन इराकमध्ये हवी होती. दिल्लीने लगेच नाही म्हटले नाही. चर्चा केली, खुलासे मागविले, आठवडे जाऊ दिले. १४ जुलैला वाजपेयी सरकारने निर्णय दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता. त्याच निवेदनात, जॉर्डनच्या साहाय्याने नजफ येथे रुग्णालय उभारण्याची योजना जाहीर केली होती. सैन्य नाही, रुग्णालय देतो, असे ते उत्तर होते. वैद्य म्हणून मला ते विशेष भावले.

मुलांनी प्रश्न लिहून आणले आहेत, असे अध्यक्षांनी मला सांगितले. ते आता घेऊ. जयभीम.