खेळ आणि काम

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. मागच्या दिवाळीत तो भेटायला आला. मी सहज विचारले, “काय रे, कामावरून आल्यावर संध्याकाळी काय करतोस?” तो म्हणाला, “सर, संगणकावर एक खेळ खेळत होतो. सोडून दिला. तोही कामच वाटायला लागला.” खेळ आणि तो काम वाटावा! मला नवल वाटले. मग त्याने तो मला उघडूनच दाखवला.

खेळाचे नाव फॅक्टोरिओ. प्राग शहरातल्या वूब सॉफ्टवेअर कंपनीचा हा खेळ २०१६ साली स्टीमवर विक्रीस आला आणि २०२० च्या ऑगस्टात पूर्णत्वास गेला. खेळणारा एका परक्या ग्रहावर येऊन पडतो. तिथे लोखंड-तांबे खणायचे, भट्टीत घालायचे आणि सरकत्या पट्ट्यांवरून यंत्रांकडे न्यायचे. दोन लोखंडी पत्र्यांचे एक दातेरी चाक होते. ते चाक आणि तांब्याचा एक पत्रा मिळून संशोधनाची तांबडी कुपी होते. असा कारखाना वाढवीत शेवटी अग्निबाण सोडायचा.

ज्यांनी उसाला पाण्याची दारे धरली आहेत, त्यांना हा खेळ लगेच उमजेल. वरच्या सऱ्यांनी पाणी ओढले की शेवटची सरी कोरडी राहते. इथेही वरच्या यंत्रांनी लोखंड संपवले की खालची थांबतात. मग अडले कुठे ते शोधायचे आणि पुन्हा मांडायचे. इंजिनियर कचेरीत दिवसभर दुसरे काय करतो? झॅक बार्थ यांचा २०१५ सालचा टीआयएस-१०० तर याच्याही पुढचा. त्यात एका काल्पनिक संगणकाच्या बिघडलेल्या आज्ञा माहितीपुस्तिका वाचून पुन्हा लिहायच्या. म्हणजे उघड उघड नोकरीच!

मग हे लोक खेळतात तरी का? तो म्हणाला, “सर, कचेरीत महिनाभर लिहिलेले कधी कधी वापरातच येत नाही. खेळात चूक झाली तर डोळ्यांसमोर दिसते. सुधारली की यंत्र चालू. कोणी रागावत नाही.”

“मग सोडलास का?”

“अंथरुणावर पडलो तरी डोक्यात पट्टेच फिरायचे.”

खरेच आहे. बैल नांगराचा सोडून मोटेला जुंपला, तर त्याला कोणी विसावा म्हणत नाही. आता तो संध्याकाळी टेकडीवर फिरायला जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, तो गेल्यावर मी मात्र बेचैन झालो. त्याच्या वहीवर मीच एके काळी तांबड्या फुल्या मारल्या होत्या. त्याही पंधरा दिवसांनी, गुण कापून. तोवर आपण काय लिहिले होते, हेच मूल विसरलेले असायचे. म्हणजे चूक दिसायची उशिरा आणि शिक्षा मात्र ठरलेली! कामाचा कंटाळा येतो तो असा. कष्टांना मुले भीत नाहीत. खेळात ती याहून अधिक कष्ट करतात.

या सत्रापासून मी आठवड्यातून एक उत्तर वर्गातच तपासतो. चुकीपाशी नुसती रेघ ओढतो आणि वही तिथल्या तिथे परत देतो. गुण दुरुस्तीनंतर. मागच्या बाकावरची दोन मुले आता आपण होऊन वही घेऊन येतात. आपणही एकदा करून पाहा. मात्र घंटा झाली की त्यांना मैदानावर सोडा, आणि तिथे काही शिकवायला जाऊ नका.