लाईन गेली म्हणजे तार मेली असे समजू नका



रोहिणी-मृगाच्या तोंडावर आपल्या गोंदिया जिल्ह्यात वादळी वारे सुटतात. कुठे आंब्याची फांदी तारेवर पडते, कुठे खांब वाकतो आणि गावात अंधार होतो. "लाईनच नाही, मग तारेला काय भ्यायचं?" असं आपण म्हणतो. जीव जातो तो इथेच. उपकेंद्रातून लाईन परत केव्हा सोडतील, हे बांधीत उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही.

बांधीत पावसाचं पाणी साचलेलं असलं, की तुटून पडलेल्या तारेतली वीज ओल्या जमिनीत पसरते. तारेपासून जसजसं दूर जावं, तसतसा तिचा जोर कमी होतो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब, म्हणून हा फरक त्याला जास्त बाधतो. माणूस वाचतो अन् बैल पडतो, तो यामुळे. बैल कितीही लाखमोलाचा असो, त्याला सोडवायला धावू नका. तारेपासून निदान ३० फूट लांब राहा. जवळच सापडलात, तर पाय न उचलता घासत घासत मागे सरा. वाटेवर एक माणूस राखणीला ठेवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. काठीने तार सरकवू नका, कोरड्या काठीनेसुद्धा नाही.

डीपीवर फ्यूज टाकायला कोणी चढत असेल, तर त्याला आधी खाली उतरवा. ते काम लाईनमनचं. आणि मोटारीला ऑटो स्विच असेल, तर लाईन येताच ती आपोआप सुरू होते. तेव्हा पंपाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा.