उमाजी नाईकांचा कागद कोणी जपला?

(कर्जत येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आज मी एका कागदाविषयी बोलणार आहे. त्यावरची तारीख आहे २५ डिसेंबर १८२७. पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षे लोटली होती. कर्नाळा इंग्रजांनी १८१८ मध्येच घेतला होता. घाटावरचा आणि घाटाखालचा मुलूख कंपनी सरकारच्या महसुली चौकटीत बसवला जात होता. अशा वेळी ‘राजश्री उमाजी नाईक, मुक्काम किल्ले पुरंदर’ अशा अधिकारवाणीने एक आज्ञापत्र निघाले. ते उत्तर व दक्षिण कोकणातील गावोगावच्या पाटलांना, महारांना आणि इतर गावकऱ्यांना उद्देशून होते. इंग्रज सरकारला महसुलाचा एक पैसाही देऊ नका, सारा वसूल आमच्याकडे भरा, असे त्यात बजावले होते. त्या सुमारास उमाजी नाईकांची माणसे पनवेलपासून वीस मैलांच्या टापूत उतरली होती. नकाशावर पनवेल मध्यबिंदू धरून वीस मैलांचे वर्तुळ काढून पाहा. चौक, खालापूर आणि आपला हा कर्जतचा परिसर त्या वर्तुळाच्या आत किंवा काठावर येतो.

हा कागद आपल्याला आज ठाऊक आहे तो १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमुळे. आपला हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. गॅझेटिअरमध्ये आज्ञापत्र छापले आहे ते इंग्रजी भाषांतरात. त्याचा आरंभ वाचला की एखाद्या इंग्रज वकिलाने खरेदीखत लिहिल्याचा भास होतो. पुरंदरच्या रानात वाढलेल्या रामोशी नायकाच्या तोंडी लंडनच्या कचेरीतली भाषा आली आहे. पण भाषांतरकाराच्या हातून एक शब्द निसटला, तो म्हणजे ‘राजश्री’. हा मायना मराठी दरबारी पत्रव्यवहारातला आहे. जो केवळ वाटमारी करतो, तो गावाला पत्र लिहीत नाही आणि लिहिलेच तर त्यात महसुलाची भाषा करीत नाही. महसूल मागणे म्हणजे राज्य मागणे. हे कलेक्टरला पुरते कळले होते, म्हणून तर कागद जपला गेला.

त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. आज्ञा न मानणारे गाव बेचिराख करू, अशी धमकीही त्यात स्पष्ट आहे. ज्या पाटलाच्या हाती तो कागद पडला असेल, त्याच्या एका बाजूला कलेक्टरचा शिपाई होता आणि दुसऱ्या बाजूला नाईकाची तलवार. आपण पराक्रमाची पूजा करतो, ती करावीच. परंतु त्या पाटलाची ती रात्रही इतिहासातच जमा आहे.

पुढची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. सरकारने आधी माफी दिली, चाकरी दिली. ते फार काळ टिकले नाही. पुन्हा बंड झाले. १५ डिसेंबर १८३१ रोजी भोर संस्थानातील उतरोली येथे उमाजी नाईक पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने लगेच १८३३ मध्ये रामोशांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शिवछत्रपतींचा आदर्श उमाजींच्या डोळ्यांसमोर होता, हे त्यानेच नोंदवले. म्हणजे चरित्राचे मुख्य साधनही शत्रूचेच!

आता थोडे दूर जाऊ. उत्तर अमेरिकेत चेरोकी नावाची एक जमात आहे. तिचा नायक जॉन रॉस १७९० साली जन्मला, उमाजी नाईक १७९१ साली. चेरोकींनी आपली लेखी राज्यघटना केली तीही १८२७ सालीच. उमाजींना फाशी झाल्यावर बरोबर एक महिन्याने, ३ मार्च १८३२ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला. त्याचा उपयोग झाला नाही. १८३५ साली मूठभर लोकांकडून भूमी सोडण्याच्या करारावर सह्या घेण्यात आल्या. रॉसने विरोधात सुमारे १५,००० नावांचा अर्ज नेला, तरी आवश्यक मतांपेक्षा एकच मत अधिक मिळून तो करार संमत झाला. १८३८-३९ च्या त्या सक्तीच्या वाटचालीत सुमारे १६,००० पैकी ४,००० माणसे मेली असे मानले जाते. रॉसची पत्नीही त्यातच गेली.

पण रॉसची पत्रे उरली. ती ओक्लाहोमा राज्यात टल्सा येथील संग्रहालयात आहेत आणि १९८५ मध्ये त्यांचे दोन खंड छापले गेले. त्यांत राष्ट्राध्यक्षांना लिहिलेली निवेदने आहेत, तसा जनरल स्कॉटशी झालेला रोख व्यवहारही आहे. स्थलांतराचा खर्च माणशी सुमारे ६६ डॉलर कसा येतो, शिध्यात साबण का हवा, हे रॉस शांतपणे मांडतो. आपली माणसे मरणाच्या वाटेवर निघाली असताना नायक साबणाचा हिशेब लिहितो, यातले दुःख मोठ्या भाषणातून कळणार नाही. चेरोकी हरले, पण त्यांची बाजू त्यांच्याच नायकाच्या शब्दांत आज वाचता येते. उमाजी नाईकांच्या बाबतीत आपल्या हाती भाषांतर आहे.

याचा परिणाम साधा नाही. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे रामोशी समाज त्या यादीत गेला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली तो शिक्का पुसला, म्हणून ‘विमुक्त’ हा शब्द. ज्यांचे दप्तर कलेक्टरच्या कपाटात, त्यांची ओळखही कलेक्टरच ठरवतो. शिरढोणच्या वासुदेव बळवंतांना तर स्वतःच्या अक्षराचाच फटका बसला. १८७९ च्या खटल्यात त्यांची रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. तरीही ती होती म्हणून त्यांचे मन आपल्याला कळते.

हे सारे कर्जतमध्येच का सांगायचे? कारण आपल्या दोन तालुक्यांत कागदाचा प्रश्न आजही भाकरीचा प्रश्न आहे. ठाकूर आणि कातकरी बांधव डोंगरउतारावर ज्या ‘दळी’ जमिनीत नाचणी-वरी पिकवत आले, तिच्या नोंदी इंग्रजी अमदानीतल्या जंगल खात्याच्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दावा करता येतो. मात्र दळीचा जुना कागद कोणाच्या घरी आढ्याला, कोणाच्या घरी वाळवीच्या तोंडी. मोडीत लिहिलेला असला तर घरात वाचणारा नाही. फार्महाऊससाठी जुनी घरे विकली जातात तेव्हा पत्र्याच्या पेटीतले दप्तर रद्दीत जाते, हे मी पत्रकारितेच्या फेऱ्यांत अनेक वाड्यांवर ऐकले आहे.

एक तरतूद मात्र फारशी कोणी सांगत नाही. या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात गावातील ज्येष्ठांचे कथनही आहे. हे ज्येष्ठ दावेदाराहून वेगळे असावेत आणि त्यांचे कथन लिहून घेतलेले असावे, एवढीच अट. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्या शेजारच्या आजोबांच्या आठवणीला कागदाचे मोल आहे. पण कोणीतरी जाऊन ती उतरवून घेतली तरच, आणि आजोबा आहेत तोवरच.

म्हणून येथे बसलेल्या शिक्षकांना आणि महाविद्यालयीन तरुणांना माझी विनंती आहे. आपापल्या गावाला लागून असलेल्या वाड्यांवरील ऐंशीच्या पुढच्या माणसांची यादी करा. नाव, वाडी आणि त्यांना कोणते शेत, कोणता ओढा, कोणती सीमा आठवते, एवढे पहिल्या भेटीत पुरे. मोडी वाचणारे दोघे जण आज येथे आले आहेत. ज्यांच्या घरी दप्तर आहे, त्यांनी सभेनंतर त्यांना भेटावे. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. छायाचित्र काढू द्या आणि पेटी घरी न्या.