आधी जिराफ, मग आकडा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पाच मिनिटं दिली आहेत. बँकेत जन्म नोटा मोजण्यात गेला, तेव्हा मोजण्याबद्दलच बोलतो.

माझा नातू चार वर्षांचा. गणपतीत मी त्याला स्टेजवर उभं करून पन्नासपर्यंत आकडे म्हणायला लावले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, माझी छाती फुगली. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हटलं, "चार चमचे आण." त्यानं मूठभर आणले. मी ओरडलो, "पन्नासपर्यंत येतं आणि चार कळत नाहीत?" पोरगं रडत आजीमागे लपलं. पुढे कितीतरी दिवस आकड्यांचं नाव काढलं की गप्प.

मग सूनबाईंनी एरिक कार्ल यांचं १९६८ सालचं 'वन, टू, थ्री टू द झू' हे पुस्तक आणलं. प्राणिसंग्रहालयाकडे निघालेली आगगाडी. एका डब्यात एक हत्ती, पुढच्यात दोन पाणघोडे, मग तीन जिराफ, असं दहापर्यंत. पानाच्या तळाशी छोटी गाडी, तिला दर पानाला एक डबा वाढतो. मजकूर नाहीच, त्यामुळे आजीनं गोष्ट खुशाल मराठीत रचली. चित्रांत एक उंदीरही आहे. नातू आधी उंदीर शोधतो, मग मोजतो.

मोजताना त्याचं बोट प्रत्येक जिराफावर टेकतं. ते पाहिलं आणि माझी चूक मला कळली. नवीन कॅशिअरला आम्ही हेच सांगायचो, तोंडानं आकडे म्हणू नकोस, प्रत्येक नोट बोटाला लागू दे. गेलमन आणि गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ च्या पुस्तकात तेच मांडलंय. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती. डावीकडून मोजा की उजवीकडून, उत्तर तेच. मी नातवाला नुसती उजळणी शिकवली होती, मोजणं नाही.

म्हणून विनंती. आपल्या वाचनालयातल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, मुलांचा हात पोचेल असा, चित्रांच्या पुस्तकांना द्या. संध्याकाळी अर्धा तास आम्ही आजी-आजोबा तिथे बसू.

आता नातू ताटाताटाकडे बोट दाखवून चमचे आणतो. परवा एक जास्त आला. मी ओरडलो नाही. म्हटलं, "चल, पुन्हा मोजू." कॅशिअरसुद्धा गड्डी दोनदा मोजतोच की!