हात काढून घेण्याची वेळ



उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या करवीर तालुक्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्यांची रांग लागते. फडातून डांबरी रस्त्यावर येताना एक लहानसा चढ असतो. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्या चढाच्या पायथ्याशी ट्रॅक्टर उभा करायचे. खाली उतरून ट्रॉलीची पिन हलवून बघायचे, मातीत ओल किती आहे ते टाचेनं दाबून बघायचे, आणि मग खालचा गिअर टाकून एका दमात वर. चढाला लागल्यावर गिअर बदलायचा नाही, हा त्यांचा नियम. बदलायला गेलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. मी तेव्हा मडगार्डवर बसलेला असायचो.

पुढे मी विमानं चालवली. शेवटची बरीच वर्षं बोईंग ७७७. लांबच्या उड्डाणाला निघताना दरवेळी मला तात्यांचा तो चढ आठवायचा, असं सांगितलं तर ऐकायला छान वाटेल, पण ते खोटं होईल. त्या वेळी काही आठवायला सवडच नसते. आठवतो तो आता, घरी बसल्यावर.

आधी वजनाचं सांगतो. कोल्हापूरच्या, म्हणजे उजळाईवाडीच्या, विमानतळावर तुम्ही जे पंख्याचं एटीआर विमान बघता, ते माणसं, सामान, इंधन सगळं धरून जास्तीत जास्त तेवीस टनांचं होतं. म्हणजे उसाच्या एका जोडट्रॉलीपेक्षा थोडंच जास्त. मुंबईहून कुठंही न थांबता अमेरिकेला जाणाऱ्या ७७७ मध्ये नुसतं इंधनच शंभर टनांच्या वर असतं. त्यातल्या ३००-ईआर या प्रकाराला साडेतीनशे टनांपर्यंत वजन घेऊन उडायची परवानगी आहे. एवढं उचलायला इंजिनं फक्त दोन. एकेका इंजिनाचा पंखा सव्वातीन मीटर रुंद. दोन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तरी त्यात मावण्यासारखी.

मग असं विमान कोल्हापुरातून का उडत नाही, हे मला लग्नकार्यात नेहमी विचारतात. धावपट्टी लहान, हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली झालेला हा विमानतळ. पुढे कितीतरी वर्षं धावपट्टी १,३७० मीटरच होती. आता ती वाढून दोन किलोमीटरच्या घरात गेली आहे. मुंबईची मोठी धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे. पण दुसरं कारण हवेत आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर आहे. इथली हवा मुळात मुंबईपेक्षा विरळ. त्यात एप्रिलच्या दुपारी पारा अडतीसवर गेला की ती आणखी फुगते, पातळ होते. पंखांना आणि इंजिनांना त्या वेळी उजळाईवाडी जणू पाच हजार फुटांवर असते, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर, जवळपास कळसूबाईच्या माथ्याला. पंख त्याच हवेवर टेकायचे, इंजिनानं तीच हवा ओढायची. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी वजनावर बंधनं येतात. मुंबईहून लांबची विमानं मध्यरात्रीनंतर निघतात, त्या वेळा मुख्यतः पलीकडं पोचायच्या सोयीनं ठरतात. पण गार हवा आमच्या पथ्यावरच पडते.

विमान जागचं हलण्याआधी तासभर हिशेब चालतो. वजन किती, वारा कुठून, तापमान किती, धावपट्टी ओली की कोरडी. त्यावरून तीन वेग काढायचे आणि इंजिनांना जोर किती लावायचा ते ठरवायचं. हो, जोरही ठरवावा लागतो. विमान हलकं असेल तर पूर्ण जोर लावत नाहीत, इंजिनाची झीज वाचते. दोन्ही वैमानिक हा हिशेब वेगवेगळा करतात आणि मग ताडून बघतात.

हे इतकं सोवळं का, त्याचं एक उदाहरण देतो. २० मार्च २००९ च्या रात्री मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए-३४० मध्ये वजन भरताना ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरलं गेलं. एक आकडा चुकला आणि शंभर टन कागदावरून गायब. त्या खोट्या वजनावर वेग निघाले, आणि इंजिनांना जोरही कमीच लावला गेला. नाक उचललं तरी विमान उठेना. शेपूट धावपट्टीवर घासली, धावपट्टी संपली, पुढच्या मातीत चाकं गेली. कप्तानानं इंजिनांना होता नव्हता तेवढा जोर दिला आणि विमान कसंबसं वर गेलं. नंतर समुद्रावर इंधन सोडून ते सुखरूप परत उतरलं. आतल्या २७५ माणसांपैकी कुणाचाही जीव गेला नाही. मी हे वाचलं त्या दिवसापासून वजनाचा आकडा मोठ्यानं म्हणायला लागलो, आणि शेजारच्यालाही म्हणायला लावायचो. तरुण सहवैमानिक मनातल्या मनात हसत असतील. हसू देत.

आता कॉकपिटमध्ये या. आम्ही जमिनीपासून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीइतके उंच बसलेले असतो. मुख्य चाकं आमच्या खूप मागं, जवळजवळ तीस मीटरवर. परवानगी मिळाली की इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे थ्रस्ट लिव्हर आधी अर्ध्यावर न्यायचे. दोन्ही इंजिनं सारखी बोलू लागली की मगच पूर्ण. तुम्हाला वाटेल, पाठ खुर्चीत रुतत असेल. हलक्या विमानात रुतते. भरलेलं विमान सुरुवातीला नुसतं कुरकुरतं. पहिले काही सेकंद असं वाटतं की कुणीतरी ब्रेक सोडायला विसरलंय.

मग एक आवाज सुरू होतो. धावपट्टीच्या मध्यरेषेवर दिवे बसवलेले असतात, त्यांच्यावरून पुढचं चाक जातं. टक. बऱ्याच वेळानं पुन्हा टक. मग टक-टक. मग ती टकटक इतकी जलद होते की वेगळी ऐकूच येत नाही. समोरचा मॉनिटर न बघताही वेग कळावा असा तो आवाज. "एटी नॉट्स" अशी वेगाची हाक होते. इथून पुढं किरकोळ कारणासाठी थांबायचं नाही. मग आग, इंजिन बंद पडणं, विमान उडण्याच्या लायकीचं नसणं, अशाच गोष्टींना थांबायचं.

कप्तानाचा हात एवढा वेळ थ्रस्ट लिव्हरवर असतो. विमान सहवैमानिक उडवत असला तरीही. कारण थांबायचं झालं तर ते याच हातानं. आणि मग, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, कानावर येतं: "व्ही वन." हिशेबातल्या तीन वेगांपैकी पहिला. त्या हाकेसरशी तो हात लिव्हरवरून काढून घ्यायचा. समोर किलोमीटरभर धावपट्टी दिसत असते, तरीही. कारण साडेतीनशे टन त्या वेगाला थांबवायला तेवढी जागा पुरत नाही. इथून पुढं इंजिन बंद पडलं तरी उडायचंच. एका इंजिनावर चढता येईल, असा हिशेब आधीच झालेला असतो. हात तिथंच राहिला तर घाबरलेल्या क्षणी तो आपोआप लिव्हर मागं ओढेल, म्हणून तो काढून घ्यायचा. माझ्या सगळ्या नोकरीत शिकायला सर्वांत अवघड काय गेलं असं विचाराल, तर ही एक साधी हालचाल. हात मांडीवर ठेवायचा.

त्याच सुमाराला मध्यरेषेवरचे दिवे पांढऱ्याचे लाल-पांढरे होऊ लागतात. म्हणजे धावपट्टीचे शेवटचे नऊशे मीटर आले. शेवटच्या तीनशेत सगळे लाल. भरलेल्या विमानात हे लाल दिवे बघायची सवय करावी लागते. "रोटेट." नाक हळूहळू वर, सेकंदाला दोन-अडीच अंश, त्याहून घाई केली तर शेपूट घासेल. नाक उचललं की टकटक बंद पडते. आणि मागं, बऱ्याच मागं, पंख धनुष्यासारखे वाकून वजन घेतात आणि मुख्य चाकं सुटतात.

मुंबईहून पश्चिमेकडं उडालं की जुहूचे दिवे पोटाखालून जातात आणि समोर एकदम काळोख. समुद्र, आभाळ, काहीच वेगळं दिसत नाही. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट याच काळोखात गेलं. कप्तानाच्या समोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र चुकीचं दाखवत होतं, बाहेर बघून पडताळायला क्षितिज नव्हतं. दीड-दोन मिनिटांत बांद्र्यासमोरच्या समुद्रात २१३ माणसं गेली. तेव्हापासूनच्या कुठल्याही वैमानिकाला त्या काळोखात शिरताना कल दाखवणारी तिन्ही यंत्रं ताडून बघायची ताकीद असते. मी दरवेळी बघितली.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा तात्या ऐंशीच्या पुढं होते. एकदा चहा पिताना म्हणाले, "काय रं, तुझं इमान किती वढायचं?" मी म्हटलं, "साडेतीनशे टन, तात्या." त्यांनी मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "सतरा-अठरा खेपा एका टायमाला. आन् फसलं तर?" मी व्ही वनचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "मग त्यात नवीन काय सांगितलंस?"

श्रोतेहो, तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत. त्यांच्याकडं जायला निघाल तेव्हा एक करा. इंजिनांचा जोर वाढला की मनात सेकंद मोजायला लागा. उजळाईवाडीहून मुंबईला जाताना साधारण पंचवीस-तीसच्या आत चाकं सुटतील. मुंबईहून पुढच्या विमानात पंचेचाळीसच्या पुढं गेलं, तर घाबरू नका. टाक्या भरलेल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.