बिनसाखरेची जेली

घरांतील एखाद्या वडील माणसास मधुमेह जडला म्हणजे त्याची पहिली वार्ता पंगतीला कळते. सणाच्या दिवशीं सर्वांच्या पानांत बासुंदी, श्रीखंड किंवा आमरस वाढला जातो, आणि एका पानापाशीं येऊन वाढणाऱ्याचा हात अडखळतो. "त्यांना नको," असें कोणीतरी हलक्या आवाजांत म्हणतें आणि ती एक वाटी रिकामी राहते. कित्येक घरीं याच्या अगदीं उलट घडतें. "सणासुदीला एका वाटीनें काय होणार?" म्हणून प्रेमाचा आग्रह होतो, आणि त्या आग्रहाचा हिशेब पुढें रक्ताच्या तपासणींत चुकवावा लागतो. रिकामी वाटी आणि आग्रहाची वाटी यांच्या जोडीला तिसरी एक वाटी ठेवतां येते. तिच्यांतील पदार्थ सर्वांना सारखाच वाढतां येतो, घरच्या घरीं होतो आणि त्याला फारसा खर्चही पडत नाहीं. हा पदार्थ म्हणजे बिनसाखरेची जेली. मात्र नेहमींच्या कृतींतून साखर नुसती वगळली म्हणजे ती साधते, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. साखर पदार्थांत गोडीखेरीज आणखीही कांहीं कामें मुकाट्यानें करीत असते. तिला निरोप द्यावयाचा तर तीं कामें कोण करणार, याचा विचार आधीं व्हावयास हवा.

'जेली' हा शब्द मराठी घरांत दोन निराळ्या पदार्थांना लावतात, आणि घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे. पेरूची जेली थिजते ती फळांतील पेक्टिन या द्रव्यामुळें. आणि नेहमींच्या रीतीनें पेक्टिन थिजविण्यास पुष्कळ साखर व आंबटपणा यांची गरज असते. त्यांतून साखर काढली तर उरतो तो पातळ रस. दुसरी जेली ती सांच्यांत ओतून थंड केलेली, चमचा लागतांच थरथरणारी. तिच्यांत पाण्याला धरून ठेवण्याचें काम जिलेटिन किंवा चायना ग्रास करतें, आणि तें साखरेवांचून होऊं शकतें. अर्धा लिटर पाणी थिजविण्यास आपल्या हवेंत जिलेटिन सुमारें १० ग्रॅम आणि चायना ग्रास सुमारें ५ ग्रॅम लागतें. बाकीचें सारें पाणीच. मधुमेहाच्या घरीं ह्या पदार्थाचें महत्त्व आहे तें ह्यामुळेंच.

या दोन द्रव्यांपैकीं जिलेटिन हें प्राणिज आहे. जनावरांचीं कातडीं व हाडें यांतील कोलॅजेन नांवाच्या प्रथिनापासून तें काढतात. त्यासाठीं बहुधा गुरें व डुकरें आणि कधीं कधीं मासे यांचा उपयोग होतो. ही गोष्ट पाहुण्यांपासून लपवूं नये. शाकाहारी पाहुण्यास खाऊन झाल्यावर ती कळावी, किंवा मुसलमान पाहुण्यास तें कोणत्या जनावराचें हें विचारण्याची संधिच मिळूं नये, हें आतिथ्याला शोभत नाहीं. जिलेटिन प्रथम थोड्या थंड पाण्यांत पांच-दहा मिनिटें फुगूं द्यावें व मग कढत पाण्यांत विरघळवावें. तें खळखळून उकळत ठेवूं नये. फार उकळल्यानें त्याचा थिजविण्याचा गुण कमी होतो. नंतर तें चार-पांच तास फ्रिजमध्यें ठेवावें लागतें. तीस-पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तें वितळतें, म्हणून जिभेवर ठेवतांच त्याचें पाणी होतें. त्याची सारी लज्जत यांतच आहे. आणि मे महिन्यांतील दुपारीं बशींतच त्याचा आकार मोडतो, याचें कारणही हेंच.

चायना ग्रास नांवानें गवत असलें तरी वस्तुतः तें समुद्रांतील तांबड्या शेवाळापासून काढलेलें द्रव्य आहे. 'अगर-अगर' हें त्याचें मलाय नांव शास्त्रीय ग्रंथांतही रूढ झालें आहे. वाण्याकडे तें पांढुरक्या दोऱ्यांच्या किंवा भुकटीच्या रूपांत मिळतें. चीक न मिळणाऱ्या शहरी घरांत खरवसाची हौस बहुधा यावरच भागवितात, तेव्हां मराठी स्वयंपाकघराला तें परकें नाहीं. त्याचा स्वभाव जिलेटिनच्या उलट. नुसत्या कढत पाण्यांत तें विरघळत नाहीं. पंधरा-वीस मिनिटें भिजवून मग मंद आंचेवर, एकही दोरा दिसेनासा होईपर्यंत, उकळावें लागतें. खालीं उतरविल्यावर मात्र सुमारें ३५ ते ४० अंशांवर, म्हणजे बहुधा फ्रिजवांचूनही, तें थिजतें. आणि एकदां थिजल्यावर पुन्हा पातळ होण्यास त्याला सुमारें ८५ अंशांची उष्णता लागते.

ह्याच गुणामुळें चायना ग्रास स्वयंपाकघरांतून प्रयोगशाळेंत गेलें. १८८१ सालच्या सुमारास बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत वाल्टर हेस नांवाचे डॉक्टर जंतूंची वाढ करून पाहत होते. त्यासाठीं वापरलेलें जिलेटिन उष्णतेनें वितळे, आणि कित्येक जंतु तें पचवून त्याचें पाणी करीत. हेस यांच्या पत्नी फॅनी ह्या घरीं जेली करण्यास अगर-अगर वापरीत. जावा बेटांत राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ही युक्ति त्यांना न्यूयॉर्क येथें माहेरीं असतांना कळली होती. त्यांनीं पतीला जिलेटिनऐवजीं अगर वापरण्याचें सुचविलें. १८८२ मध्यें क्षयाच्या जंतूंवरील निबंधांत कॉख यांनीं अगरचा उल्लेख केला. सुचविणाऱ्या गृहिणीचें नांव मात्र त्यांत आलें नाहीं. आजही जगभर जंतुपरीक्षेच्या बशा अगरनेंच भरतात.

प्रथिन असल्यामुळें जिलेटिनला आणखी एक शत्रु आहे. ताजा अननस, पपई, अंजीर, किवी व आलें यांत प्रथिनें तोडणारीं पाचक द्रव्यें असतात. ताज्या अननसाचे तुकडे घातलेली जिलेटिनची जेली रात्रभर फ्रिजमध्यें ठेवली तरी पातळच राहते, आणि दोष विनाकारण मापाला दिला जातो. तेच तुकडे पांच-सात मिनिटें उकळून घेतले कीं पाचक द्रव्यें नष्ट होतात व जेली थिजते. चायना ग्रास प्रथिन नसल्यामुळें त्याला ही बाधा नाहीं. शिवाय माणसाच्या पोटांत तें फारसें पचत नाहीं, म्हणून त्यापासून रक्तांतील साखरही वाढत नाहीं.

आतां गोडीचा प्रश्न. पुष्कळ घरांतून स्वतःची फसवणूक होते ती येथेंच. साखरेऐवजीं गूळ किंवा मध घालून पदार्थ 'बिनसाखरेचा' म्हणून वाढला जातो. परंतु गुळाचा बहुतेक भाग साखरच असते आणि मधाचाही तोच प्रकार आहे. फळांच्या रसाचा हिशेब तर कोणी करीतच नाहीं. संत्र्याच्या १०० मिलिलिटर रसांत सुमारें ८ ते १० ग्रॅम साखर असते. अर्धा लिटर रसाची जेली करून चार वाट्या भरल्या तर प्रत्येक वाटींत दहा-बारा ग्रॅम, म्हणजे चहाचे अडीच-तीन चमचे साखर आली. दुधांतही दर १०० मिलिलिटरमागें सुमारें ५ ग्रॅम दुग्धशर्करा असतेच. म्हणून रस घ्यावयाचा तर एक भाग रसास तीन भाग पाणी घ्यावें आणि उणीव सुगंधानें भरून काढावी. वेलदोडा, केशर, वाळा किंवा लिंबाची किसलेली साल यांपैकीं कशाचाही त्यास उपयोग होतो.

इतक्यानें समाधान न झाल्यास कृत्रिम किंवा वनस्पतिजन्य गोडी वापरतां येते. सुक्रलोज व स्टीव्हिया यांचे अर्क स्वयंपाकाच्या उष्णतेंत बरेच टिकतात. अ‍ॅस्पार्टेमची गोडी मात्र उष्णतेनें कमी होते, म्हणून तें मिश्रण कोमट झाल्यावरच घालावें. आणि फेनिलकिटोनुरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनीं तें मुळींच घेऊं नये. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. यास्तव कोमट असतांना चव किंचित् अधिक गोड लागावी. २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें वजन ताब्यांत ठेवण्यासाठीं अशा गोड द्रव्यांचा आधार घेऊं नये, अशी शिफारस केली. ज्यांना आधींच मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू केलेली नाहीं. तरी घरांतील निरोगी मुलांना त्यांची रोजची संवय लावण्याचें कारण नाहीं.

कोंकणांतील आमसुलांची जेली आरंभ करण्यास फार चांगली. दहा-बारा आमसुलें धुऊन, लावलेलें मीठ काढून टाकून, एक वाटी कढत पाण्यांत अर्धा तास भिजत घालावीं, व कुसकरून तें लाल पाणी गाळून घ्यावें. सहा ग्रॅम चायना ग्रास सुमारें ३५० मिलिलिटर पाण्यांत भिजवून उकळावें. तें पूर्ण विरघळलें म्हणजे पातेलें खालीं उतरवावें आणि मगच आमसुलांचें पाणी घालावें; आंबट रसांत उकळल्यास चायना ग्रासची पकड सैल होते. आंबटपणाचा हा परिणाम जाणूनच येथें माप एका ग्रॅमनें वाढविलें आहे. आमसुलांचें पाणी घालतांना कोमट असावें, कारण गार पाणी पडल्यास मिश्रणाच्या गांठी होतात. चवीपुरती गोडी घालावी आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड पेरून मिश्रण ओल्या केलेल्या सांच्यांत ओतावें. तासाभरांत माणकाच्या रंगाची जेली तयार होते.

ह्या जेलीभोंवतीं थोडें पाणी सुटतें. तो स्वयंपाक करणाऱ्याचा दोष नव्हे. पदार्थांतील पाणी बांधून ठेवण्यास साखरेचें साह्य होत असे, तें आतां नाहीं. मुरंब्याला वर्षभर टिकवितें तें साखरेचें बळही येथें नसतें. फॅनी हेस यांच्या युक्तीचा दुसरा अर्थ येथें ध्यानांत धरावा. ज्या ओलसर, मऊ जेलीवर पोषक द्रव्यें घालून जंतु वाढविले जातात, तिच्यावर दूध किंवा रस पडला कीं ते घरींही वाढणारच. म्हणून बिनसाखरेची जेली झांकून फ्रिजमध्यें ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी.

डब्यावर नांव व तारीख घालण्यास विसरूं नये. त्यांत एक गंभीर कारण दडलेलें आहे. इन्शुलिन किंवा कांहीं विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या मधुमेही माणसाची साखर कधीं कधीं एकाएकीं उतरते. घाम सुटतो, हातपाय कांपतात, बोलण्यांत गोंधळ होतो. त्या वेळीं कोणीं 'गोड' समजून ही जेली पुढें केली तर तिचा कांहींही उपयोग होत नाहीं आणि मोलाचीं मिनिटें वायां जातात. अशा वेळीं खरी साखरच हवी. ग्लुकोज, किंवा तीन चहाचे चमचे साखर घातलेलें पाणी तत्काळ द्यावें. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं न घालतां लगेच वैद्यकीय मदत आणावी. म्हणून ज्या घरांत बिनसाखरेचे पदार्थ होतात, त्या घरांत साखरेचा डबाही सर्वांस ठाऊक असलेल्या जागीं असावा. तसेंच चायना ग्रासची जेली तोंडांत वितळत नसल्यामुळें लहान मुलांना व गिळण्यास त्रास होणाऱ्या वृद्धांना तिचे अगदीं बारीक तुकडे करूनच द्यावी.

एवढी काळजी घेतल्यावर ती तिसरी वाटी पंगतींत निःशंकपणें मांडतां येते. ती कोणा एकट्यासाठीं वेगळी न ठेवतां सर्वांच्या पानांत सारखीच वाढावी. कारण आजाऱ्याला गोडाच्या अभावापेक्षां वेगळेपणाचें दुःख अधिक असतें, आणि त्यावर कोणतेंही औषध वाण्याच्या दुकानांत मिळत नाहीं.